मॅडमनी विचारलं, हात कुठल्या पाण्यात असतो?

लॅबच्या फॉर्मवर ‘क्लिनिकल हिस्ट्री’ नावाचा एक रकाना असतो. डॉक्टर घाईत तिथे दोन शब्द लिहितात, कधी तो कोराच जातो, आणि ज्याच्या नावाचा तो फॉर्म असतो त्या माणसाने तो वाचलेलाही नसतो. माझ्या उजव्या हाताचं निदान कित्येक महिने त्या कोऱ्या रकान्यात अडकून पडलं होतं. हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण आमच्या चोपडा तालुक्यात शेततळ्यात मासे सोडणारा मी काही एकटा नाही, आणि या आजाराचं नाव मी स्वतःला होईपर्यंत कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

माझी केळीची बाग आहे. उन्हाळ्यात विहीर साथ देत नाही म्हणून शेततळं खोदलं, त्यात प्लास्टिकचा कागद अंथरला. पाणी साठतंच आहे तर दोन पैसे मिळतील म्हणून रोहू, कटला आणि मृगळची बोटुकली सोडली. चिलापी मी सोडली नव्हती, ती बीजातूनच आली असावी, आणि एकदा आली की ती तळं भरून टाकते. तिच्या पाठीवरच्या पराला ताठ, टोकदार काटे असतात. नवरात्र संपल्यावर जाळं ओढलं तेव्हा एक चिलापी सोडवताना मधल्या बोटाच्या पेरापाशी काटा घुसला. थोडं रक्त आलं, हळद दाबली, कामाला लागलो. तसं पाहिलं तर त्या पाण्यात माझा हात रोजच असायचा. ड्रिपचा फिल्टर उघडून शेवाळ काढायचं, मोटारीच्या फूटव्हॉल्व्हला अडकलेला कचरा ओढायचा, हे कुणा ना कुणाला करावंच लागतं. त्यात केळीच्या चिकाने बोटं काळी पडलेली आणि भेगाळलेली.

दिवाळीत त्या पेरावर ज्वारीच्या दाण्याएवढी लालसर गाठ दिसली. दुखत नव्हती, पू नव्हता, ताप नव्हता. हळूहळू ती वाढली, जांभळट झाली, वर खरखरीत खपली धरली. गावाकडच्या डॉक्टरांनी आधी चामखीळ म्हटलं, मग केळीच्या चिकाची ॲलर्जी. अँटिबायोटिकच्या गोळ्या झाल्या आणि एक ट्यूब मिळाली. तीन-चार औषधं एकत्र केलेल्या या ट्यूब आपल्याकडे घरोघरी असतात, आणि त्यात बहुधा स्टिरॉइड असतं. लावल्यावर लाली उतरली, बरं वाटलं, आणि मग गाठ आधीपेक्षा मोठी झाली. स्टिरॉइड त्या जागेची शरीराची स्वतःची लढाई मंद करतं, त्यामुळे वरून शांत दिसतं आणि आत जंतूला मोकळं रान मिळतं, हे मला पुढे समजलं. त्या डॉक्टरांवर माझा राग नाही. गाठ दिसायला खरोखरच साधी होती.

संक्रांतीच्या सुमारास दुसरी गाठ हाताच्या पाठीवर आली. मग मनगटाच्या वर एक, आणि कोपराच्या दिशेने आणखी. सगळ्या एका ओळीत, माळेतले मणी असावेत तशा. तेव्हा मात्र घरात धास्ती बसली. काकू म्हणाली, "हाई नागीण शे भाऊ. तोंडले शेपूट मियनं का मानूस जास." गेरू लावायला माणूस बोलावण्यापर्यंत बोलणं गेलं. मायला वेगळीच शंका. तिने लहानपणी तिच्या माहेरी, सातपुड्याच्या पायथ्याला, नारू पाहिलेला. बारवेचं पाणी पिणाऱ्या माणसाच्या पायातून पांढरा दोऱ्यासारखा जंत बाहेर यायचा आणि तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचे. "हाऊ नारू ते नही ना रे?" असं तिने मला विचारलं.

दोघींचं चुकलं, पण दोघींच्या डोक्यात जे आलं ते बिनबुडाचं नव्हतं. काकूला ओळ दिसली आणि मायला पाणी आठवलं. निदानाला शेवटी याच दोन गोष्टी लागल्या. नागीण ही कांजिण्यांच्याच विषाणूची असते, ती एका नसेच्या पट्ट्यात उठते, पाण्याने भरलेले फोड येतात, आग होते, आणि दोन-चार आठवड्यांत ती सुकते. माझं दुखणं थंडपणे महिनोन् महिने चढत होतं. नारू तर आता देशातच नाही. शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं जाहीर केलं.

मग एका मोठ्या दवाखान्यात दाखवलं. त्यांनी गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टमध्ये ‘ग्रॅन्युलोमा’ असा शब्द होता आणि खाली लिहिलं होतं की क्षयाचे जंतू दिसले नाहीत, तरी चित्र क्षयाशी जुळतं, रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावं. क्षयासाठी हातावर टोचून बघतात ती मांटू टेस्ट केली, ती चांगलीच उठली. झालं, ‘स्किन टीबी’ ठरलं आणि एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्यांचा कोर्स, सुरू करायचं बोलणं निघालं.

टीबी म्हटल्यावर घराचं काय होतं ते ज्याच्या घरी झालंय त्यालाच ठाऊक. माझं ताट कुणी वेगळं केलं नाही, पण मीच लेकीला जवळ घ्यायचं टाळू लागलो. पुतणीच्या सोयरिकीची बोलणी चालू होती. भावाने तोंडाने काही म्हटलं नाही, फक्त "पाहुणे येतील त्या दिवशी पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल" एवढंच सांगितलं. ते मला आजही आठवतं. बायको मात्र अडून बसली. तिचं म्हणणं सरळ होतं: जंतू दिसले नाहीत असं कागदावर लिहिलंय, तर आणखी एका जाणत्या माणसाला दाखवूनच गोळ्या सुरू करायच्या. तिच्या त्या हट्टामुळे आम्ही धुळ्याला गेलो.

तिथल्या त्वचारोगाच्या मॅडमनी हात बघितला, ओळीवरून बोट फिरवलं, काख चाचपली. म्हणाल्या, "पायाला ठेच लागली की जांघेत अवधाण येतं ना, त्याच वाटेने हे वर चढलंय." बोटात शिरलेला जंतू लसिकावाहिन्यांमधून वर सरकत जातो आणि वाटेत थांबेल तिथे गाठ करतो. असं ओळीने चढणाऱ्या दुखण्यांची यादी छोटी असते, असं त्या म्हणाल्या. मग फाईल बाजूला ठेवून विचारू लागल्या.

"काम काय करता?"

"शेती."

"शेती सगळ्यांनीच लिहिलंय. दादा, मला सकाळपासूनचं सांगा. हात कशाकशाला लागतो?"

मी केळी, खत, फवारणी असं सांगू लागलो. त्यांनी मध्येच विचारलं, "काटे कशाचे टोचतात? बाभूळ? गुलाब? कडबा, गवत हाताळता का?" मग, "हात पाण्यात असतो का? कुठल्या पाण्यात? नदी, विहीर, टाकी? घरात काचेच्या टाकीत मासे पाळलेत? कोकणात, समुद्रावर गेला होतात?" कुठल्या पाण्यात, हा प्रश्न तोवर मला कुणीही विचारला नव्हता. मी शेततळ्याचं बोललो, माशांचं बोललो, आणि चिलापीचा काटा तिथे, त्या खुर्चीत बसल्यावर, आठवला. मॅडमनी पेन उचललं. "काटा कधी टोचला? दिवाळीच्या किती आधी?" काटा टोचल्यापासून गाठ येईपर्यंत साधारण दोन ते चार आठवडे जातात. कधी कधी कित्येक महिने लागतात, त्यामुळे माणसाला दोन्हींचा संबंध लागत नाही.

त्यांच्या मनात आलेलं नाव होतं मायकोबॅक्टेरियम मरिनम. क्षयाच्या आणि कुष्ठाच्या जंतूंच्या कुळातलाच हा जंतू, पण घर पाण्यात आणि माशांत. १९२६ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयात मेलेल्या माशांमध्ये तो पहिल्यांदा सापडला, आणि १९५१ साली स्वीडनमध्ये पोहण्याच्या तलावावर जाणाऱ्या माणसांच्या कातडीत. परदेशात याला ‘फिश टँक ग्रॅन्युलोमा’ म्हणतात, कारण तिकडे तो घरातली काचेची टाकी साफ करणाऱ्यांना होतो. आमच्याकडे टाकी एवढी मोठी की तिच्यावर बाग भिजते.

मला त्यांची एक गोष्ट फार पटली. नाव सुचलं म्हणून त्या तिथेच थांबल्या नाहीत. "हे माझं पहिलं अनुमान आहे, पण अजून सिद्ध नाही," असं म्हणून त्यांनी बाकीची नावंही कागदावर मांडली. स्पोरोट्रायकोसिस नावाची बुरशी अगदी अशीच ओळ करते, ती काट्यातून, गवतातून, मातीतून शिरते, आणि तिचं औषध पूर्णपणे वेगळं. नोकार्डिया हा मातीतला जंतू. लेशमॅनिया वाळूमाशीमुळे होतो, म्हणून मी बिकानेरकडे कधी राहिलो होतो का असं त्यांनी विचारलं. आणि कातडीचा क्षय, तोही यादीत होताच. पाण्यातले दुसरे जंतूही त्यांनी सांगितले. गोड्या पाण्यातला एरोमोनास जखमेत शिरला तर एक-दोन दिवसांतच पाय सुजून लाल, मग काळानिळा होतो, ताप चढतो, आणि लिव्हर खराब असलेल्या माणसाच्या तर जिवावर बेततं. खाऱ्या पाण्यातल्या व्हिब्रिओचंही तसंच. "तसं काही असतं तर तुम्ही इथे चालत आला नसता," त्या म्हणाल्या. आपलं दुखणं किती सावकाश आलं हीसुद्धा डॉक्टरला द्यायची माहिती असते, हे मी त्या दिवशी शिकलो.

आता पहिल्या तुकड्याचं. तो पूर्णच्या पूर्ण फॉर्मालिनमध्ये टाकला गेला होता. फॉर्मालिनमध्ये पेशींची रचना टिकते, त्यामुळे मायक्रोस्कोपखाली बघायला तो उत्तम. पण त्यात जंतू मरतात. मेलेला जंतू वाढवून दाखवता येत नाही. म्हणून त्या तुकड्यातून ‘कल्चर’ निघणं शक्यच नव्हतं. आणि मरिनममध्ये तुकड्यात जंतू संख्येने इतके कमी असतात की रंग देऊन पाहिलं तरी बहुतेक वेळा दिसत नाहीत. दिसतो तो फक्त ग्रॅन्युलोमा, म्हणजे जंतूला कोंडण्यासाठी शरीराने उभा केलेला पेशींचा वेढा, आणि तो क्षयातही असतो. मांटू उठली त्याचंही तेच. या कुळातल्या जंतूंची काही प्रथिनं सारखी असतात, शिवाय आपल्या देशात बीसीजी घेतलेल्या किंवा कधीतरी क्षयाचा जंतू अंगात शिरून झोपी गेलेल्या कितीतरी लोकांची मांटू उठते. त्या रिपोर्टमध्ये खोटं एक अक्षर नव्हतं, पण तपासणाऱ्याला हा हात कुठल्या पाण्यात असतो हे कळवलेलंच नव्हतं.

दुसऱ्यांदा तुकडे घेतले ते मनगटावरच्या नव्या गाठीतून. बधिर करण्याचं इंजेक्शन दुखलं, बाकी काही कळलं नाही. पेन्सिलीएवढ्या गोल पात्याने कातडी चरबीपर्यंत कापतात, एक टाका घालतात. एक तुकडा फॉर्मालिनमध्ये. दुसरे निर्जंतुक सलाईनमध्ये: एक साध्या जंतूंसाठी, एक बुरशीसाठी, एक क्षयाच्या कुळासाठी. क्षयाची जलद चाचणी, सीबीनॅट, तीही लावली. मग मॅडमनी माझ्यासमोर फॉर्म भरला. व्यवसाय केळी व मत्स्यपालन, चिलापीचा काटा टोचल्याचा इतिहास, शेततळ्याच्या पाण्याशी रोजचा संपर्क, ओळीने चढणाऱ्या गाठी, स्टिरॉइड मलम लावलेलं, संशय मरिनम. आणि शेवटी अधोरेखित करून: ३० अंशालाही वाढवावे, किमान ६ आठवडे ठेवावे. एवढ्यावर न थांबता त्यांनी मायक्रोबायोलॉजीच्या सरांना फोन लावला.

त्या ३० अंशात सगळी गोम आहे. क्षयाचे नमुने लॅबमध्ये ३७ अंशांवर, म्हणजे शरीराच्या आतल्या उष्णतेवर ठेवतात, कारण क्षयाच्या जंतूला तेच मानवतं. मरिनम मुळात माशांचा, माशाचं रक्त पाण्याइतकंच थंड. त्याला ३०-३२ अंश आवडतात, ३७ ला तो वाढतच नाही किंवा कसाबसा वाढतो. त्यामुळे नेहमीच्या पद्धतीने नमुना ठेवला तर जंतू जिवंत असूनही ‘काही उगवलं नाही’ असा रिपोर्ट येऊ शकतो. आणि याच कारणाने तो माणसाच्या बोटात, हातात, पायात राहतो, फुप्फुसात सहसा जात नाही. हातापायांची कातडी आतल्या शरीरापेक्षा थंड असते. हे ऐकल्यावर मी घरी येऊन आधी बायकोला आणि मग भावाला सांगितलं. शिवाय हा एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. त्या रात्री लेक माझ्या कुशीत झोपली.

सीबीनॅट निगेटिव्ह आली. ती फक्त क्षयाच्या जंतूचे जनुक शोधते, म्हणून मरिनमला तिथे दिसायचं कारणच नव्हतं. बुरशीच्या नळीतही काही उगवलं नाही. बोटाची सोनोग्राफी करून कंडरेच्या आवरणात आजार उतरला आहे का ते बघितलं, कारण तसं झालं तर ऑपरेशन लागू शकतं आणि बोट कायमचं आखडू शकतं. थोडी सूज होती, पण आवरण वाचलं होतं.

कल्चरची वाट बघत हात तसाच ठेवता येणार नव्हता, म्हणून होळीनंतर औषध सुरू झालं: क्लॅरिथ्रोमायसिन आणि इथॅम्ब्युटॉल. डॉक्सिसायक्लिनही चालतं, पण त्याने उन्हात कातडी भाजते. मॅडमनी खिडकीबाहेर बघून सांगितलं की खानदेशात मार्च ते मे बागेत उभं राहणाऱ्या माणसाला ते देण्यात अर्थ नाही. मी विचारलं, एकेटी घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? त्यांनी उत्तर टाळलं नाही. एकेटीतल्या चारपैकी रिफॅम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल मरिनमवरही चालतात, त्यामुळे कदाचित बरा झालोही असतो. पण उरलेल्या दोन गोळ्यांचा, आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइडचा, त्यावर उपयोग नाही आणि लिव्हरवर त्यांचा भार फुकटचा. "आणि ही बुरशी असती, तर सगळा कोर्स करूनही हात तसाच राहिला असता आणि आपण म्हटलं असतं, औषधाला दाद न देणारा टीबी." टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, ही विकत घ्यावी लागली. खर्च बोचला, खोटं कशाला सांगू.

गोळ्यांनी तोंड दिवसभर कडू राहायचं. इथॅम्ब्युटॉल डोळ्याच्या नसेला त्रास देऊ शकतं, लाल-हिरव्यातला फरक आधी पुसट होतो, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे अधूनमधून तपासणी. घरी मी रोज सकाळी एक डोळा झाकून पेपर वाचायचो, मग दुसरा.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी लॅबमधून फोन आला. ३७ अंशांची नळी कोरी, ३० अंशांच्या नळीत वाढ. सरांनी मला बोलावून दाखवली. हिरव्या माध्यमावर फिकट, दुधी रंगाच्या वसाहती. म्हणाले, अंधारात वाढवल्या की अशाच राहतात, आता उजेडात ठेवल्यावर बघा, आणि शेजारची दुसरी नळी दाखवली. तिच्यातल्या वसाहती पिवळ्याधमक झाल्या होत्या. उजेड लागला की रंग धरायचा ही या जंतूची जुनी ओळख. पुढे जनुकीय तपासणीतही मरिनमच निघाला. मी ती नळी बराच वेळ बघत उभा राहिलो. इतक्या लोकांनी इतकी नावं ठेवलेलं माझं दुखणं पहिल्यांदा डोळ्यांनी दिसत होतं.

गाठी वरून खाली, ज्या क्रमाने आल्या त्याच्या उलट, बसत गेल्या. बोटावरची सगळ्यात शेवटी गेली. गाठी गेल्या तरी मॅडमनी औषध थांबवू दिलं नाही, दीड-दोन महिने पुढे घ्यायचंच असा त्यांचा नियम. श्रावणात घरी कानबाई बसली तेव्हा शेवटची पाकिटं चालू होती. आता बोटावर फिकट डाग आहे आणि पेर थंडीत थोडं ताठरतं. कडबा ओढताना ते जाणवतं.

गावातले लोक मला अजून एकच विचारतात: मग ते मासे खायचे की नाही? मीही हेच विचारलं होतं. नीट शिजवलेल्या माशातून हा जंतू लागत नाही, तो शिरतो हाताच्या जखमेतून. म्हणून मासे मी विकतो, घरीही खातो. जाळं ओढताना आणि फिल्टर साफ करताना कोपरापर्यंतचे जाड रबरी मोजे घालतो, काटा लागलाच तर लगेच वाहत्या स्वच्छ पाण्यात साबणाने धुतो. बाजारात मासे कापून देणाऱ्या बायांच्या बोटांना काप असतातच, त्यांना हे जास्त लागू आहे. आणि कुणाची बोटावरची गाठ महिनाभर हटत नसेल तर मी त्याला कागदावर दोन ओळी लिहून देतो: काय काम करतो, हात कुठल्या पाण्यात असतो, काय टोचलं होतं. तो कागद डॉक्टरांच्या हातात द्यायचा, आणि तुकडा काढायचं ठरलं तर त्यातला एक सलाईनमध्ये ठेवाल का, एवढं नम्रपणे विचारायचं.